डोळे राहिलेले गणपती

निजामाचं एवढं थोरलं राज्य पाच दिवसांत आटोपलं. आमच्या धाकट्या मेहुण्याचा एक गणपती तेवढ्या वेळात कानापर्यंतसुद्धा येत नसे. माणूस तेरचा. तेरणाकाठची माती चाळून, भिजवून, तुडवून गणपती करायचा, आणि हात असा की बघणाऱ्यानं नकळत चपला काढाव्यात. पण वेग म्हणाल तर देवा रे देवा! चतुर्थीची तयारी हा गृहस्थ उन्हाळ्यातच सुरू करी आणि तरी चतुर्थी दरवर्षी त्याच्याआधी पोचे. वर्षाची सगळी भिस्त त्या एका सणावर, पदरी बायको नि पोरी. गिऱ्हाईक ताटकळून दुसरीकडं वळलं की चूल थंड, हे मी त्याला सांगून सांगून थकलो. उस्मानाबादच्या कचेरीत मी कारकून, तिथली गिऱ्हाइकं मीच त्याला मिळवून दिलेली. म्हणजे उशीर त्याचा नि बोलणी मला.

एका पावसाळ्यात मुद्दाम तेरला गेलो. ओसरीवर एक गणपती सुकून तयार होता, इतका देखणा की मी आपोआप हात जोडले. तेवढ्यात ह्या पठ्ठ्यानं तो उचलला आणि सरळ पाण्याच्या घमेल्यात बुडवला.

"अरे, काय केलंस हे?"

"दाजी, पोट बघितलं न्हाय का त्याचं? भरल्यावानी दिसत हुतं. जेवलेल्या देवापुढं मोदक ठिवून काय उपेग?"

मी त्याला गजराचं घड्याळ आणून दिलं, तर टिकटिकीनं हात कापतो म्हणून त्यानं ते ज्वारीच्या कणगीत पुरलं. आमच्या मंडळींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, तुळजापूरच्या आईची शपथ घातली. "आक्का, शपथ घालायला तुझं काय जातंय? मूर्ती मला करायचीय," म्हणाला, नि पुन्हा त्याच सोंडेवरून ओला बोळा फिरवत बसला. लई बेजार केलं हो त्यानं.

शेवटी मीच डोकं लढवलं. म्हटलं, "एकेक मूर्ती पुरी करत बसू नकोस. आधी सगळी धडं कर, मग सगळे हात, मग सगळ्या सोंडा. बघ काम कसं पळतंय." त्यानं ऐकलं, हेच माझं दुर्दैव. काम खरंच पळालं. चतुर्थीच्या सकाळी कचेरीतल्या सगळ्यांचे गणपती घेऊन स्वारी पहिल्या मोटारीनं हजर! मी खूश. फडकी काढून बघतो तर एकाही देवाला डोळे नाहीत. डोळे आखायचं काम शेवटचं, आणि माझ्या युक्तीनं सगळ्यांचेच डोळे एकदम शेवटाला राहिले होते.

"घोर करू नका दाजी. घरोघर जाऊन आखतो की."

आणि गेला की हो! पहिलं घर माझ्या साहेबांचं. भटजी पाटावर, पोरांची नजर मोदकांच्या ताटावर, आणि हा कुंचला धरून देवासमोर मांडी ठोकून बसलेला. एक डोळा काढला, मग मखर खिडकीकडं वळवायला लावलं. मग खुद्द साहेबांनाच उठवलं, का, तर "तुमी बसलाव तिथनं देव भिंतीकडं बघतोय." साहेब मात्र देवाकडं न बघता माझ्याकडं बघत होते. दुसरा डोळा झाला तेव्हा दिवस कलला होता, आणि बाकीची घरं अजून उपाशीच होती.

पुढच्या वर्षी साहेबांनी सोलापुराहून साच्यातला गणपती आणला. साहेबांचं बघून कचेरीनं आणला, कचेरीचं बघून गावानं. मेहुणा वीटभट्टीवर जाऊ लागला. तिथं म्हणे त्याचा हात भराभर चालायचा. विटेकडं दुसऱ्यांदा बघायचासुद्धा नाही.

होता होता एकटा आमच्या घरचाच गणपती त्याच्याकडं राहिला. त्या साली चतुर्थीला चांगला आठवडा असताना तो दारात उभा. फडकं काढलं, डोळ्यांसकट मूर्ती पुरी.

"घ्या दाजी. येळेच्या आधी आणला. आता तरी खूश?" म्हणाला, आणि खाली मान घालून ओसरीवर टेकला.

मूर्तीला नाव ठेवायला जागा नव्हती. जन्मभर ज्याच्या मागं हात धुऊन लागलो, तो वेळेवर आला नि मला त्याचा जुना उशीरच हवासा वाटला. मी मूर्ती पुढून बघितली, बाजूनं बघितली आणि म्हणालो, "झकास झालाय रे. पण हा डावा डोळा… जरा रुसल्यासारखा नाही वाटत?"

तो ताडकन उठला. मान तिरकी करून कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू!

"व्हय की! माझ्या कसं ध्यानात आलं न्हाय? पर दाजी, येळ लागंल बरं का."

"लागू दे."

लेकराला कडेवर घ्यावं तशी मूर्ती घेऊन तो मोटारीकडं निघाला. त्या वर्षी आमच्याकडं गणपती दिवेलागणीला बसला, आणि मी त्याला एका शब्दानं टोकलं नाही.