ग्वाल्हेरच्या पलीकडे

इंदूरच्या रामबागेतल्या चिंतामणराव ऊर्फ अण्णा टिल्लूंच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते: अण्णा असतात तो आणि नसतात तो. तेव्हाच्या मध्य भारत राज्याला राजधान्या दोन, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. सचिवालयातले कागदपत्रांचे बस्ते हलले की त्यांच्यामागून अण्णाही हलायचे. आई मात्र धाकट्या बेबीपायी इंदुरातच राहायची.

बेबी जन्मापासून बहिरी. सगळ्यांसाठी तिच्या खुणा ठरलेल्या. कानामागे बोट म्हणजे अण्णा, कारण तिथे त्यांची पेन्सिल. डोळ्यांभोवती दोन वाटोळी म्हणजे चष्मेवाली ताई, कुमुदिनी. उंच धरलेला तळवा म्हणजे किल्ला, अर्थात ग्वाल्हेर.

कुमुदिनी कॉलेजातून आली की पुस्तकं टाकायची आणि बेबीला समोर बसवून ओठ वाचायला शिकवायची. बेबीला ‘आई’ म्हणता आलं, ‘पाणी’ म्हणता आलं. पुढे वाट दिसेना. ती वाट मँचेस्टरला शिकवतात असं कळलं तेव्हापासून कुमुदिनीनं दुसरं काही मनात आणलं नाही. बी.ए. झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि अण्णांसमोर उभं राहायची वेळ आली.

“परत आल्यावर कोणत्या खात्यात?” सुपारी कातरता कातरता अण्णांनी विचारलं.

“खातं नाही अण्णा. शाळा. बहिऱ्या मुलांची.”

“कोणती?”

“इंदुरात नाहीये. मी काढीन.”

“म्हणजे नसलेल्या शाळेत नसलेली जागा! वा! अगं, होम सायन्स घे. मुलींच्या कॉलेजात पुढेमागे लागतंच कुणीतरी.”

“आणि बेबी?”

अडकित्ता थांबला.

“एक वर्ष शिक्षण, एक वर्ष तिथल्या शाळेत काम,” अण्णा स्वतःशीच पुटपुटले. “दोन हिवाळे. मध्ये सुट्टीत येशील ना?”

“जहाजाचा प्रवास आहे अण्णा. मध्ये कशी येऊ?”

“हूं.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “जा. पण परत ये. तिकडे हुशार पोरी ठेवून घेतात म्हणे.”

शेजारच्या शांताकाकूंनी कुंपणावरूनच चौकशी केली. “काय गं कुमुद, बहिऱ्यांना शिकवायला विलायत? मग आमच्या ह्यांना पण ने ना बाई! मी कित्ती ओरडू, इनको तो कुछ सुनाई नहीं देता!”

भाद्रपदात घरात दोन वळकट्या एकदम बांधायला निघाल्या. एक अण्णांची, एक कुमुदिनीची. बेबी खूश! तिनं अण्णांकडे बोट केलं, ताईकडे केलं, मग तळवा उंच धरला. दोघंही किल्ल्याच्या गावाला! आणि बोटं चाटून दाखवली: उन्हाळ्यात येताना दोघांनीही तिथली तीळ-गुळाची गजक आणायची.

कुमुदिनीच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

“सांगू नकोस तिला,” आई म्हणाली. बेबीला ऐकू येणार नव्हतं, तरी आवाज खाली आणून म्हणाली. “असू दे तिच्या समजुतीत. एक उन्हाळा गेला की होईल सवय.”

“मागे ग्वाल्हेरहून सचिवालयाचं दफ्तर उशिरा परत आलं, तर ही पायरीवरून हलेना. आठवतंय ना? ती अण्णांची वाट बघत होती. आता माझी बघत बसेल, आणि मी यायचीच नाही.”

“मग काय, हातांनी विलायत दाखवशील?”

कुमुदिनीनं दाखवून पाहिली. हातांच्या लाटा केल्या, खूप लांबपर्यंत नेल्या. बेबीला सिरपूरचा तलाव आठवला. तिनं डोळे विस्फारून हात मारले: तू पोहत जाणार? आणि हसून लोळली.

जायच्या आदल्या दुपारी कुमुदिनीनं ट्रंकेतून आपला लहानपणचा जांभळा परकर काढला आणि बेबीच्या कमरेला बांधला. परकर जमिनीवर लोळला. कुमुदिनी तिच्यापुढे बसली. तिनं हातपंखा हलवला: एक उन्हाळा. चिमटीनं काठ जरासा वर उचलला. पुन्हा पंखा: दुसरा उन्हाळा. काठ घोट्यापाशी आणला. मग डोळ्यांभोवती वाटोळी केली आणि दोन बोटं दारातून आत चालवली. एवढी उंच होशील तेव्हा ताई येईल.

बेबीनं तळवा उंच धरला.

कुमुदिनीनं मान हलवली. किल्ला नाही.

बेबीचा हात हळूहळू खाली आला. ती पायांशी पडलेल्या कापडाकडे बघत राहिली. मग तिनं परकर कमरेशी दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि घट्ट खोचला. काठ बरोबर घोट्यावर आला. तिनं काठ दाखवला, ताईची वाटोळी केली आणि जमिनीवर थाप मारली. इथे.

“नाही गं राणी,” कुमुदिनी म्हणाली. तिनं खोचलेलं सोडलं. कापड खाली पडलं. बेबीनं ते पुन्हा दुमडलं.

“कुमुद,” अण्णांनी ओटीवरून हाक मारली, “उद्याचा टांगा सांगून ठेवू ना?”

बेबीनं ताईचे दोन्ही हात ओढून आपल्या कमरेवर, त्या दुमडलेल्या कापडावर दाबून धरले होते.

“सांगा,” कुमुदिनी म्हणाली. हात मात्र तिनं सोडवून घेतले नाहीत.