कुंकू लावलेला बस्ता

शेठला फसवले ते त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने, आणि चोर ठरला दारावरचा माणूस. नोकरीतली अर्धी प्रकरणे मी विसरलो, हे एक विसरायला तयार नाही.

नव्वदच्या आधीची गोष्ट. मी जालन्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याची परीक्षा देऊन वर आलेलो. लहानपणी आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकलेली, त्यामुळे घासाघीस अंगात आणि राग नाकावर. जुन्या जालन्यातले ते कापडाचे दुकान मला फार आवडायचे. लग्नसराईत जाफराबादकडून जिपा भरून माणसे बस्त्याला यायची. पांढऱ्या गादीवर सगळे गणगोत बसायचे, साड्यांचा ढीग पडायचा. कोऱ्या कापडाचा तो वास आणि बशीतला चहा अजून आठवतो. माझ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी मी तिथेच केली. भाव करता करता दुपार सरली, तेव्हा शेठ हात जोडून म्हणाले, "फौजदार साहेब, आता दुकानच घेऊन जा."

पुढच्या उन्हाळ्यात तेच शेठ ठाण्यात आले. दुकानातला माल मोजला तर भारी शालू कमी भरत होते. संशय दारावरच्या माणसावर. तो जाफराबाद तालुक्यातला, जमीन भावाकडे सोपवून शहरात आलेला. बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी पावतीशी ताडून पाहायची, हे त्याचे काम. शेठचे म्हणणे सरळ होते: माल दारातूनच जातो आणि दारात हा बसतो. तक्रार देण्याआधीच त्यांनी त्याला कामावरून काढले होते. बातमी त्याच्याआधी गावात पोहोचली. मुलीची सोयरीक जमली होती. पाहुण्यांनी निरोप धाडला, आधी बापाचे काय ते होऊ द्या.

मी त्याला चौकशीला बोलावले आणि सुरुवातच आवाज चढवून केली. तो खाली मान घालून बसला. शेवटी मी विचारले, दारातून असे काय जाते जे तू उघडून पाहत नाहीस?

"बस्ता," तो म्हणाला. "कुकू लागलेल्या गाठोड्याला हात लावायचा न्हाई, शेठचाच हुकूम हाये. ते घरी देवापुढं सवाष्णीनं सोडायचं असतंय, साहेब."

खरेदी झाली की गाठोडे बांधून, नारळ ठेवून, हळदकुंकू लावून द्यायचे, ही त्या दुकानाची रीत. बांधायला कायम मेहुणा बसायचा, घरचा माणूस म्हणून.

त्याच आठवड्यात जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका शिंप्याने खबर दिली की एक जण घरातून कोरे शालू स्वस्तात विकतो. त्याचे वर्णन मी दारावरच्याला ऐकवले.

"हा तर दर सराईत बस्त्याला येतो," तो म्हणाला. "चार-पाच तरी नेले आसतील यानं. मला वाटायचं, बिचाऱ्याला लेकीच लेकी."

मग साध्या वेशातला शिपाई समोरच्या पानटपरीवर बसवला. तो शालू विकणारा गडी आला, खरेदी झाली, मेहुण्याने गाठ मारली. गडी उंबऱ्यात येताच मी दोन पंच घेऊन आडवा आलो. मेहुणा ओरडला, शुभकार्यात पोलीस हात घालणार काय? गिऱ्हाइकेही कुरकुरू लागली. याची तयारी मी ठेवली होती. आमच्या हवालदाराच्या मंडळींना सोबत आणले होते.

"मी हात लावत नाही," मी म्हणालो. "या वहिनी सोडतील."

त्यांनी गाठोड्याला नमस्कार करून गाठ सोडली. वर पावतीप्रमाणे साध्या साड्या, खाली पावतीत नसलेले शालू. पंचनामा तिथेच गादीवर झाला.

ठाण्यात मेहुणा फार टिकला नाही. "चोरी कसली? बहिणीचं दुकान हाये," तो म्हणाला. "नोकरासारखं राबवलं, हिस्सा दिला न्हाई."

"मंग हिस्सा मागायचा होता. भांडायचं होतं. त्या गरिबाच्या गळ्यात कशाला बांधलं?" मी विचारले.



दोन दिवसांनी शेठ आले. "घरकी बात आहे, साहेब. बायको जेवत न्हाई. मिटवून घेऊ." फिर्यादी ते, कोर्टाची परवानगीही मिळणार होती. मी म्हणालो, मिटवा, पण एक अट. त्याच्या गावी चला आणि चारचौघांत सांगा की हा चोर नव्हता. शेठ म्हणाले, "बिलकुल."

तडजोड झाली. शेठ गेले नाहीत. आधी म्हणाले, सराई संपू द्या. मग म्हणाले, याचं नाव साफ करायचं तर मेहुण्याचं सांगावं लागंल. तेवढ्यात माझी बदली आली. निघण्यापूर्वी मी स्वतः त्या गावी गेलो, पारावर उभा राहून सगळे सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. एक म्हातारा म्हणाला, "तुमचं खरं आसंल साहेब, पण मालकानं तर त्याला परत ठेवला न्हाई." सोयरीक मोडली ती मोडलीच.

दुकानदार मला आजही विचारतात, माल गळतो, काय करावे? मी सांगतो, जिथे तुम्हीच 'पाहू नका' म्हणून हुकूम दिला आहे, तिथे आधी पाहा. आणि घरच्या माणसाला सूट देऊन परक्याला पहाऱ्यावर बसवू नका. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

शेठ, तुम्ही हयात आहात, तुमच्या दारावरचा तो माणूसही आहे. कोर्टात तुम्ही मेहुण्याला माफ केले, तो तुमचा हक्क. पण न केलेल्या चोरीची माफी या माणसाला कोण देणार? तुमचे एक वाक्य त्याच्या गावाला अजून हवे आहे. कधी जाता, सांगा.