साउंडआबांचं डावं-उजवं

कोणाच्याही घरी गेले की आबा पाण्याच्या ग्लासाआधी स्पीकरकडे बघत. गाणं चालू असलं तर मान तिरकी करून ऐकत आणि यजमानाला विचारत, "हा कधीपासून आजारी आहे?" वापीजवळच्या टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर होतं. बाकी सगळ्यांचे ते साउंडआबा.

आबा मूळचे धुळ्याकडचे. खडोलीच्या एका कापड कारखान्यात, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, त्यांचा जन्म गेला. तिथे ओरडूनही ऐकू जात नाही, सगळा कारभार खुणांनी. त्यामुळे घरी आल्यावर त्यांना चहा, खुर्ची आणि एक स्वच्छ गाणं हवं असे. "दिवसभर मशीन ऐकतो मॅडम, सांजच्याला माणूस ऐकू द्या," म्हणायचे. त्या गाण्यात जरा खरखर आली की जीव कासावीस व्हायचा त्यांचा.

तपासणीची रीत ठरलेली. "पहिले गाणं बदला, मंग फोन, मंग वायर. डब्याले शेवटी हात लावा." तरी आवाज फाटत राहिला तर हुकूम सुटे, "डावं-उजवं करा!" म्हणजे दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल. खरखर दुसऱ्या डब्यात गेली तर दोष मागे, मशीनमध्ये किंवा वायरीत. जागच्या जागी राहिली तर डबाच बिघडलेला.

आमचा स्पीकर घरघरू लागला तेव्हा मात्र त्यांनी यातलं काहीच केलं नाही. सरळ शोकेसजवळ गेले आणि आमच्या ह्यांना मिळालेली ढाल दोन बोटांनी दाबून धरली. घरघर थांबली. "स्पीकर ठणठणीत आहे. सरांचं बक्षीस गातंय," म्हणाले. ह्यांना ते फारसं आवडलं नाही.

हीच रीत ते माणसांनाही लावत. शाळेतून आल्या आल्या मी एकदा कुरकुरले, की माझा वर्ग फार गोंगाट करतो. आबांनी शांतपणे विचारलं, "वर्ग बदलून पाहिला का? गोंगाट तिथंच राहतो, का तुमच्यामागं येतो?" तो प्रयोग मी आजतागायत केलेला नाही.

मग एका संध्याकाळी त्यांच्याच स्पीकरचा आवाज फाटू लागला. मला साक्षीला बोलावलं. गाणं बदललं, फोन बदलला, वायरी बदलल्या. खरखर डावीकडे. डबे उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. तरी डावीकडेच! मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण त्यांचा घामाघूम चेहरा बघून बोलवेना. शेवटी चिडून त्यांनी स्पीकरकडे पाठ केली आणि तिथेच थबकले. पुन्हा तोंड फिरवलं, पुन्हा पाठ केली. ते फिरतील तशी खरखरही त्यांच्याबरोबर फिरत होती.

"सापडनी वो!" ते डाव्या कानाला हात लावून, स्वयंपाकघराकडे बघत आनंदाने ओरडले. "खराबी मना कानमा शे!"

आबांच्या बायको, आमच्या मावशी, पोळी लाटता लाटता बाहेर आल्या. त्यांच्याकडे बघता बघता आबांचं हसू हळूहळू ओसरलं आणि ते खुर्चीत बसले.

वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं लूमचा आवाज खाल्लाय, डावा कान गेला, उजवाही त्याच वाटेवर आहे. आबांनी सोसायटीभर जाहीर केलं, "ही डावीकडं बसते. निम्मं भांडण वाचलं!" आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी गावी जायचं ठरवलं. तोवर उजवा कानही जवळजवळ गेलाच होता, कानाचं मशीन लावूनही गाणं म्हणजे नुसता कल्ला वाटायचा. जायच्या दिवशी खाली टेम्पो भरत होता आणि आबा दोन्ही डबे घेऊन आमच्या दारात. "तुम्ही ऐकत जा," म्हणाले. स्वतःच वायरी जोडल्या, रोजचं गाणं लावलं आणि डब्यावर तळवा ठेवून माझ्यासमोर बसले.

"साफ शे?"

मी मान हलवली. खरंच स्वच्छ लागलं होतं. आबा माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिले. खालून टेम्पोवाला हॉर्न मारत होता, तो मलाच ऐकू येत होता. शेवटच्या कडव्याला मला रडू आवरेना.

आबांचा चेहरा उजळला. "आते बराबर ऐकू आलं," म्हणाले.