वडिलांना दिलेले तीन आजार

गेल्या वर्षी मी माझ्या वडिलांना तीन जीवघेणे आजार दिले. तेही एका दुपारी, चहा निवायच्या आत!

झालं असं, की एमडी होऊन मी फेलोशिपच्या मागे लागलो होतो. नोएडाच्या एका हॉस्पिटलात हृदय, किडनी आणि लिव्हर अशा तिन्ही विभागांत जागा निघाल्या. मी तिन्हीकडे अर्ज ठोकले. प्रत्येक अर्जाला एक निबंध जोडायचा होता: 'हाच विषय का?' (खरं उत्तर, 'दिल्लीत मुनिरकाच्या एका खोलीत आईवडिलांसह अजून किती दिवस काढू?', लिहिता येत नव्हतं.) मग मी बाबांना कामाला लावलं. पहिल्या निबंधात बाबांचं हृदय थकलं, दुसऱ्यात किडन्या गेल्या, तिसऱ्यात लिव्हर. मीच लिहीत होतो आणि मलाच हुंदके येत होते!

घोडचूक पुढेच. प्रिंट काढायला मी बाबांनाच पाठवलं. बाबा फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करणं त्यांच्या रक्तात नाही. आणि आमच्या घराण्यात मोठा आजार पेशंटला कधी सांगत नाहीत. आजोबांनाही शेवटपर्यंत 'पित्त आहे' म्हणूनच सांगितलं होतं. बाबांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

"पोरानं हॉस्पिटलला कळवलं, मला नाही," ते आईला म्हणाले. "तूही सामील आहेस ना?"

"अहो, सकाळीच चार भाकऱ्या हाणल्यात तुम्ही!"

"शेवटची भूक असते ती."

संध्याकाळपर्यंत कूलर शेजाऱ्याला दान झाला. साताऱ्याची आत्या फोनवर रडून घेऊन तिकिटाच्या मागे लागली. मी ड्यूटीवरून आलो, तर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू अभ्यास कर. आमचं काय!" मला वाटलं, अभिमान वाटतोय. (डॉक्टरची निरीक्षणशक्ती!)

मुलाखतीला समोर तिन्ही विभागांचे प्रमुख बसले होते. हृदयवाले म्हणाले, "वडिलांचं हृदय निकामी झालंय?"

"हो, सर."

"माझ्याकडे किडनी लिहिलंय," किडनीवाल्या मॅडम म्हणाल्या.

"तीही, मॅडम."

"आणि लिव्हर?"

"सर, माणूस... फार सोसणारा आहे."

तेवढ्यात दार उघडलं. हातात रिपोर्टांचा गठ्ठा, छातीवर ईसीजीच्या चिकटपट्ट्या, अशा अवतारात बाबा आत आले! सकाळपासून तिन्ही ओपीडींत माझे निबंध केसपेपर म्हणून दाखवत फिरत होते आणि आता थेट प्रमुखांनाच गाठायला आले होते.

"साहब, सच बताइए, कितना टाइम है मेरे पास?" एवढ्यात त्यांना मी दिसलो. "अरे, तू इथं? मला सगळं कळलंय हे तुला कळू नये म्हणून तर मी गुपचूप आलो!"

तिन्ही प्रमुखांनी रिपोर्ट चाळले. हृदयवाले म्हणाले, "सुभेदार साहब, आप बिल्कुल फिट हैं. मुझसे भी ज़्यादा."

"तीनपैकी एकही नाही?" बाबांचा चेहरा पडला. सगळी तयारी झाली होती ना! मग त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तिच्याने माझं हृदय, किडनी आणि लिव्हर एकाच वेळी बंद पडलं.

"डॉक्टर," किडनीवाल्या मॅडम थंडपणे म्हणाल्या, "खरं सांगा. नक्की कुठली फेलोशिप हवी आहे?"

"जी मिळेल ती, मॅडम."

त्या दिवसातलं माझं ते पहिलं खरं वाक्य. तिघेही असे हसले, की बाहेरून नर्स धावत आली.

किडनीत जागा मिळाली मला. आज माझ्या ओपीडीबाहेर लांबवर रांग लागते. बाबा मात्र साधी सर्दी झाली तरी माझ्या दारावरून ताठ मानेनं पुढे जातात आणि समोरच्या केमिस्टला विचारून औषध घेतात!