रविवारी मोजलेले दाणे

"ही सही तुमचीच न मॅडम?"

वानखडे साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. ते आमच्या प्लांटचे मॅनेजर. फाईलमध्ये सोयाबीनच्या एका लॉटचा उगवणीचा रिपोर्ट होता. उगवण चौऱ्याहत्तर टक्के. खाली माझं नाव, त्यावर सही. तो लॉट मी स्वतः तपासला होता. उगवण आली होती चौपन्न.

चिखली रस्त्यावरच्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी ॲनालिस्ट होते. काम सांगायला सोपं आहे. लॉटमधले चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभरच्या चार ओळी ओल्या कागदात गुंडाळायच्या आणि जर्मिनेटरमध्ये, म्हणजे ठरलेली ऊब आणि ओल धरून ठेवणाऱ्या कपाटात, ठेवायच्या. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलंच रोप धरायचं. सोयाबीनला सत्तरच्या खाली आलं, की तो लॉट बियाणं म्हणून विकता येत नाही.

"सर, ही माझी नाही."

"काऊन? नाव तर तुमचंच आहे."

"तारीख बघा. शेवटची मोजणी रविवारची आहे."

रविवारी मी मोजत नाही. सकाळी चर्चला जाते, आणि तो दिवस प्रभूचा म्हणून कामाला हात लावत नाही. म्हणून मी मंगळवारी आणि शनिवारी कागद गुंडाळतच नसे. मंगळवारी गुंडाळले तर पाचवा दिवस रविवारी येतो, शनिवारी गुंडाळले तर आठवा. अख्ख्या प्लांटला हे माहीत होतं, टिंगलही व्हायची. खोटा रिपोर्ट करणाऱ्याने मात्र शनिवारपासून आठ दिवस सरळ मोजले होते.

साहेब हसले. मग ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. तीन प्लांटची क्वालिटी हेड म्हणून माझी बढती. जालन्याला ऑफिस, गाडी, राहायला क्वार्टर.

"उद्या हेड ऑफिसचा फोन येईन. विचारतीन, मोजणी तुम्हीच केली न? हो म्हणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"आणि ते बियाणं उगवलं नाही तर?"

"पेरणीत सतरा भानगडी असतात. खोल पेरलं, पाणी कमी पडलं. लॅबचं नाव कोण घेते?"

मग ते अगदी मायेने बोलले, आणि त्याचंच जास्त भेव वाटलं.

"तुमचे वडील बाजारात येशूची पत्रकं वाटतात न? वाटू द्या, माह्यं काही म्हणणं नाही. पण दिवस कसे आहेत, पाहून राह्यल्या तुम्ही. एखाद्यानं उगाच तक्रार ठोकली, धर्म बदलवतात म्हणून, तर म्हाताऱ्या माणसानं कुठं धावावं?"

मी लॅबमध्ये आले. फाईलमधली माझ्या मोजणीची मूळ शीट गायब होती. राखीव नमुन्यांचं कपाट उघडलं. प्रत्येक लॉटचं एक सीलबंद पाकीट तिथे ठेवतात; उद्या वाद झाला तर तेच तपासायचं. या लॉटचं पाकीट जागेवर होतं. पण कपाटाची दुसरी किल्ली साहेबांकडे होती.

गोडाऊनमध्ये नसीमभाई पोत्यांवर लेबलं लावून घेत होते. गोडाऊनचा कारभार त्यांच्याकडे. मला बघून त्यांनी कोपऱ्यातलं ओलं गोणपाट उलगडलं. आपल्याकडे घरोघरी करतात तसं, त्यांनी शंभर दाणे त्यात गुंडाळून ठेवले होते. अर्धे दाणे फुगून सडले होते. वास येत होता.

"ताई, तुमची मशीन मले समजत नाही. गोणपाट समजते. परवा गाडी उंद्रीकडं निघून राह्यली. माही सासुरवाड आहे तिथं."

"मग साहेबांना सांगा ना."

"मी? चार लेकरं आहेत मले." मग हळूच म्हणाले, "तुमाले देवाचं भेव आहे, म्हणून तुमाले दाखवलं."

त्यांना काय सांगणार? त्या घडीला मला देवापेक्षा वानखड्यांचं भेव जास्त होतं.

संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. तक्रारीचंसुद्धा. ते मिशन हॉस्पिटलमध्ये कंपाउंडर होते. त्यांनीच छापून आणलेल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली, वाचायला शिकले. मला वाटलं, आता प्रवचन होईल. पण ते चहाची कपबशी फिरवत बसले. खरं सांगते, त्यांनी "जाऊ दे पोरी" म्हणावं, असं मला वाटत होतं.

"तुले भेव वाटून राह्यलं?"

"हाव."

"मलेही." ते खिडकी लावून आले. "पण माह्या भेवापायी तू हो म्हटलं, तर मी कोणत्या तोंडानं पत्रक वाटू?"

सकाळी फोनची वाट पाहिली नाही. फोन आला असता, तर कदाचित मी हो म्हटलं असतं. लॅबच्या कॉम्प्युटरवरून हेड ऑफिसला मेल लिहिला: अमुक लॉटची मोजणी माझी नाही, सही माझी नाही, माझी मोजणी चौपन्न होती, राखीव नमुना तपासावा. दोन वेळा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिताना साहेब दारात उभे राहिले.

"विचार करा मॅडम. असा चान्स येशू पण दुसऱ्यांदा देणार नाही."

"देतो सर," मी म्हणाले. "चान्स तो देतो. फक्त खोट्याला आपलं नाव देऊन येशूच्या मागं जाता येत नाही."

आणि बटण दाबलं.

हेड ऑफिसने पाकीट मागवलं. नमुना बावन्नवर थांबला. गाडी निघाली नाही. लॉट तेलमिलला गेला. वानखडे साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, शिक्षा म्हणून की बढती म्हणून, कळलं नाही. मला "टीममध्ये बसत नाही" असं सांगून राजीनामा मागितला. मी दिला. अनुभवाचा दाखला मात्र अजून मिळालेला नाही. आता एका छोट्या शाळेत विज्ञान शिकवते. दोन खोल्या आहेत, एक सायकल आहे, आणि मोजून घेतलेली भांडी. भागतं. सोप्या राहणीचा एक फायदा आहे: हिसकावून घेण्यासारखं फारसं काही उरत नाही.

तक्रार अजून कोणी केलेली नाही. तरी बाजाराच्या दिवशी पप्पांना यायला उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहते.

विश्वास आला की भीती जाते, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. आता सांगत नाही. माझी गेली नाही. भीती जाईपर्यंत थांबले असते, तर तो मेल आजही लिहायचाच राहिला असता.