छत्तीस बाटल्या, एक केग आणि कासलबारचं गरम कपाट

बीअरचा उकळता काढा गार करायची तांब्याची नळी, पंधरा मीटर, मध्ये एकही जोड नाही. शेजाऱ्याने टाकून दिलेल्या फ्रिजला भोक पाडून बसवलेला नळ. गाडीत केग आडवा होऊ नये म्हणून प्लायवूडची बैठक. आणि अडतीस लिटर बीअर. एवढं माझ्या हातचं. कोर्स कुठलाही केलेला नाही. पोटापाण्यासाठी मी मशीन दुरुस्त करतो. बीअर वाचून, करून आणि वहीत लिहून शिकलो.

निघायचं कारण मंदार. जुना मित्र, पश्चिमेला मेयो परगण्यातल्या कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर. नऊ वर्षं करारावर काढल्यावर यंदा कायम झाला. पार्टी घरीच, बीअर माझी. त्यातल्या मी भरून ठेवलेल्या छत्तीस बाटल्या तो पंधरा दिवस आधीच डब्लिनला आला असताना घेऊन गेला होता. मी बजावलं होतं, "उबदार जागी ठेव." बाटलीत गॅस बाहेरून भरत नाहीत. थोडी साखर घालून बूच लावायचं, आतलं यीस्ट ती खाऊन गॅस तयार करतं, त्याला ऊब लागते. उरलेली अर्धी बीअर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात. त्याला गॅसचा सिलिंडर लावायचा, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायचं, काम झालं. सहा वर्षं मी बाटल्याच भरत आलो, केग पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी आठला डब्लिनमधलं आमचं ओंगार सोडलं. केग मागच्या सीटवर पट्टा लावून, सिलिंडर बंद करून उभा बांधलेला, खिडकी दोन बोटं उघडी. (सिलिंडर नेणार असाल तर हे तिन्ही करा.) एम-फोरचा टोल तीन युरोंच्या आसपास, पुढे मलिंगर, लाँगफर्ड, मग एन-फाइव्ह. न थांबता तीन तास.

लाँगफर्डच्या अलीकडे माझी बायको सायली हिला मी केग आणि बाटलीतला फरक समजावत होतो. ती औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे नुसतं ऐकत नाही.

"साखर किती घातलीस?"

"लिटरला सहा ग्रॅम. अडतीस लिटरला दोनशे अठ्ठावीस. काट्यावर मोजून."

"आणि ती सगळी बाटल्यांत गेली?"

"मग? केगला साखर लागतच नाही."

ती मागे वळून केगकडे बघत राहिली. "अरे, मग बाटल्यांत अडतीस लिटर होते कुठे? अर्धी बीअर तर ही मागे बसलीय."

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. वहीतला जुना आकडा सवयीने उचलला होता. दुप्पट साखर म्हणजे दुप्पट गॅस, आणि काच तो सोसेलच असं नाही. अशी बाटली कपाटात बसल्या जागी फुटते.

"आमच्याकडे याला डेव्हिएशन म्हणतात," सायली म्हणाली. "पाच पानी फॉर्म असतो." मग माझा चेहरा बघून, "फोन लाव आधी."

मंदारने बाटल्या हॉट प्रेसमध्ये ठेवल्याचं मला कळवलं होतं. प्रेस म्हणजे इथलं कपाट; हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं. त्याच्या घरात ते माडीवर आहे, आणि टॉवेल घ्यायला घरातला प्रत्येक जण दिवसातून दहा वेळा ते उघडतो. तो आणि त्याची बायको दोघंही ड्यूटीवर, फोन बंद. घरी फक्त त्याची आई, बार्शीहून तीन महिन्यांसाठी आलेली. चौथ्या रिंगला त्यांनी फोन उचलला.

"काकू, सुहास बोलतोय. वरच्या गरम कपाटाजवळ जाऊ नका."

"का रं? आत्ताच उघडून आले की."

"बाटल्यांना हात लावलात?"

"बाटल्या कुठल्या तिथं! त्या मी कवाच भाईर शेडात नेऊन ठिवल्या. चार-चार करून नेल्या, कंबर धरली माझी."

"कधी?"

"मंदारनं ठिवल्या त्याच्या चौथ्या दिवशी. हितं ऊन म्हणून न्हाई, कुरडया वाळवायच्या कुठं? तुमच्या दारूला ऊब, अन् माझ्या कुरडया ओल्या व्हय?"

सायली इतकी हसली की शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायला लागला. मी गाडीतून उतरलो. मग हिशेब केला. चार दिवस उबेत, पुढे अकरा दिवस मेयोच्या थंडीत. यीस्ट झोपलं असणार, बरीच साखर तशीच असणार. असणार, पण खात्री नाही. आठ युरोंचा चिकन फिले रोल घेतला, अर्धा सायलीने संपवला.

साडेअकराला पोचलो. केग धक्क्यांनी ढवळलेला, म्हणून तासभर शांत ठेवला. त्याचा दाबाचा मीटर बाराला स्थिर, जसा घरी होता. मी मात्र हॉस्पिटलचं फेस शील्ड आणि बागेचे हातमोजे चढवून शेडकडे निघालो. पहिल्या बाटलीला टॉवेल गुंडाळला.

"एवढा मोठा गडी, अन् बाटलीला भितोय," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"काकू, तुम्ही आत व्हा."

फस्स झालं. फेस दोन बोटं वर आला आणि थांबला. मला हवा होता तेवढाच. दुसरी तशीच. सहावीनंतर मी शील्ड काढलं. घरात नेल्या तर यीस्ट पुन्हा जागं होणार, म्हणून नियम केला: बाटल्या शेडातच राहतील, मीच उघडीन, आणि आज एकही उरता कामा नये. मंदार घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. "म्हणजे आईने घर वाचवलं," तो म्हणाला. "आता ती कुरडयांबद्दल मला वर्षभर ऐकवणार."

संध्याकाळी केगची बीअर स्वच्छ, बारीक फेसाची, पहिल्या ग्लासपासून शेवटच्यापर्यंत सारखी. तरी शेजारच्या डेक्लनला बाटलीतलीच आवडली. त्याचा गावात पब आहे. "युवर मॅन हॅज इट," म्हणजे या गड्याला जमलंय, असं तो मंदारला माझ्याकडे बोट दाखवून तीनदा म्हणाला. बारापर्यंत छत्तीसही रिकाम्या झाल्या. मी मोजल्या.

रविवारी लॉक लानाह तळ्याला एक फेरी मारली. वाट सपाट, पार्किंग फुकट, वारा मात्र कान कापणारा. जेवणात तळलेल्या कुरडया. टाकीच्या उबेवर वाळलेल्या, पण फुलल्या अशा की ताटात मावेनात. संध्याकाळी पाचला निघून आठला घरी.

कोणी विचारलंच, केग की बाटल्या, तर सांगतो. चवीला बाटली कदाचित अर्धं पाऊल पुढे असेल. पण केगला मीटर आहे. बाटलीच्या आत काय चाललंय ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि उघडणारा दरवेळी मी नसतो. वहीत आता साखरेच्या आकड्यापुढे एक रकाना वाढवलाय. तिथे सायलीची सही लागते.

डेक्लनच्या मुलीचं जूनमध्ये लग्न आहे. प्रत्येक पाहुण्याला माझ्या बीअरची एक बाटली घरी न्यायला द्यायची, असं त्याच्या मनात होतं. परवान्याचं तो त्याच्या बाजूने बघणार होता. घरी पोचल्यावर गाडीतून केग उतरवायच्या आधी मी त्याला जमणार नाही असं कळवलं. दोनशे बाटल्या, अठराशे युरो.