त्रास संपेल

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी सांगलीत मराठी घेऊन बी.ए. झालो. वडील म्हणाले, "मराठी तर आपन बोलतोयच की रं. त्येला कालेज कशाला?" आई अथणीकडची, तिच्याशी घरात कन्नडच चालायचं. या दोन भाषांच्या जोरावर मला मिरजेच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. सीमेपलीकडून खूप पेशंट यायचे आणि आमच्या डॉक्टरांना कन्नड येत नसे. मग वॉर्डातून मला बोलावणं यायचं. "तुम्ही किती छान समजावता," असं डॉक्टर म्हणत. ते ऐकायला मला आवडायचं.

तिथेच ते नवरा-बायको आले. दोघंही साठीच्या घरातली, शेतकरी. बाईंच्या पोटात गाठ होती. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "चार-सहा दिवस काढतील. नवऱ्याला स्पष्ट सांगा."

व्हरांड्यातल्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. 'मरण' हा शब्द मला उच्चारवेना. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, सुचवावं, सांगून टाकू नये. मी कन्नडमध्ये म्हणालो, "मामा, आता त्यांचा सगळा त्रास संपेल. थोडेच दिवस."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मग मी गावाकडं जाऊन येतो. ज्वारीची मळणी पडलीय. शनिवारी तिला न्यायलाच येतो."

त्यांचा गैरसमज झालाय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्यांनी धरलेले हात सोडवून घेऊन पुन्हा सांगायचं धैर्य झालं नाही. डॉक्टर सांगतील, असं मनाशी म्हणून मी खिडकीवर परत गेलो. दुपारच्या एस.टी.नं ते गेले.

बाई गुरुवारी सकाळी गेल्या. शेवटचे दोन दिवस मी सारखा त्यांच्या खाटेपाशी जात होतो, कारण त्यांच्याशी बोलू शकणारा दुसरा कोणी नव्हता. "आले का?" एवढंच त्या विचारत. "वाटेत असतील," मी म्हणे.

गावाला तार केली होती, ती त्यांना मिळालीच नाही. शनिवारी ते आले ते नवं इरकली लुगडं आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. या वेळी मी सरळ सांगितलं. त्यांनी गाठोडं बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "त्रास संपेल म्हणाला होतात."

"चुकलो मी, मामा."

"मरणार आहे म्हणाला असतात, तर मी इथंच बसलो असतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांची मुलगी शिराळ्याकडे दिली होती. तिथे पत्र मराठीत धाडावं लागे. त्यांनी मलाच लिहायला सांगितलं. मी आंतरदेशीय पत्र उघडून मायना घातला. ते सांगत गेले आणि मी मराठीत उतरवत गेलो. आई गुरुवारी गेली. मी तिथं नव्हतो. मळणी झाली.

"आणखी काही लिहू?" मी विचारलं. धीराची दोन वाक्यं माझ्या पेनाच्या टोकाशी आली होती.

"नको. एवढंच."

पत्रात अर्ध्याहून जास्त जागा कोरी राहिली. मी ते तसंच चिकटवलं आणि स्टेशनजवळच्या पेटीत टाकून आलो.